गोळीमामा

"शेवंते, रातची गोळी घेतलीस काय गं?"

बाजाराच्या दिवशी, निपाणीच्या स्टँडसमोर, गाडीच्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून असं ओरडणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? माझा मामा ओरडायचा. ही शेवंता म्हणजे सासूच्या मागून पिशवी घेऊन चाललेली, नुकतेच दिवस गेलेली कुठली तरी सून. घरात अजून सासऱ्याच्या कानावरही बातमी गेलेली नसायची आणि इकडं भाजीवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना ती कळून चुकायची. शेवंता पदर ओढून घ्यायची, सासू तोंडातल्या तोंडात शिव्या घालायची, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. मामा हलायचा नाही. तिनं मान डोलावली की "शाब्बास" म्हणायचा आणि मगच गिअर टाकायचा.

मामाचं वडाप होतं, निपाणी ते कोल्हापूर. वाटेत जो हात करील त्याला कोंबून घ्यायचं आणि तरीही मागं जागा आहे म्हणून शपथेवर सांगायचं, तो हा धंदा. मामा दिसायलाही त्या धंद्याला शोभेल असाच होता. जाड मिशा, कानात भिकबाळी, गालात तंबाखू, आणि आवाज असा की दत्ताच्या देवळात हळू बोलला तरी पुजारी वळून बघायचा. अशा माणसानं बायकांच्या गोळ्यांची चौकशी करावी याचं नवख्यांना हसू यायचं. गावानं त्याचं नाव गोळीमामा ठेवलं होतं. बाहेरच्या पाहुण्यांना ते नाव ऐकून तो कुणीतरी बंदुकीचा माणूस वाटायचा आणि आम्ही त्यांना मुद्दाम तसंच वाटू द्यायचो.

गाडीतली त्याच्या शेजारची जागा पोटुशी बाईची. मग ती वाटेत कुठंही चढो, पुढं बसलेल्या माणसानं उठून मागं जायचं, तो सरपंच असला तरी. ती बाई गाडीत असली की गाडीचा वेग निम्मा व्हायचा. गतिरोधक आला की मामा असा काही सावकाश चढवायचा, की मागची माणसं वैतागून जायची. एकदा एक कॉलेजचा मुलगा ओरडला, "मामा, माझा पेपर हाय!" मामानं आरशातूनच त्याला सांगितलं, "तुझा पेपर बुडला तर पुढच्या वरसाला देशील. हिनं काय करायचं रं?" पेपर बुडाला की नाही ते माहीत नाही, पण पुढं तोच मुलगा लग्न झाल्यावर बायकोला घेऊन मामाच्याच गाडीतून कोल्हापूरला दवाखान्यात जायचा.

आमच्याकडच्या खेड्यांतल्या बायका दवाखान्यासाठी कोल्हापूर गाठायच्या. डॉक्टर लिहून देणार ती औषधं कधी निपाणीत मिळायची, कधी नाही. मग चिठ्ठी मामाकडं यायची. कोल्हापुरातल्या कुठल्या दुकानात काय मिळतं हे त्याला तोंडपाठ होतं. गर्भ टिकावा म्हणून देतात त्या कॅप्सुला उन्हानं मऊ पडतात, म्हणून त्या तो ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवायचा आणि स्वतःची भाकरी कागदात. गोळ्या पोचवायला तो आडवाटेला गाडी घालायचा. मागचे प्रवासी कुरकुर करायचे. "उतरा आणि चालत जावा," हे त्याचं उत्तर ठरलेलं.

आता त्याच्या शास्त्राबद्दल सांगते. प्रोजेस्टेरॉन हा शब्द त्याला कधी पेलला नाही. तो नुसतं 'लेव्हल' म्हणायचा. गरोदरपणाच्या सुरुवातीला बाईच्या अंगात हे द्रव्य वाढतं, त्यानं गर्भाशयाचं अस्तर धरून राहतं, गर्भाला थारा मिळतो, हे त्यानं कुणाकुणाला विचारून गोळा केलेलं होतं आणि ते खरंही होतं. पण त्यापुढचं शास्त्र त्याचं स्वतःचं. "पोर म्हंजे इंजिन," तो सांगायचा. "लेव्हल म्हंजे डिझेल. डिझेल कमी पडलं की इंजिन बंद. मग वरनं वतायचं. टाकी कोरडी पडू द्यायची न्हाय, एवढंच काम." ड्रायव्हर माणसाला दुसरं काय सुचणार? पण हे सांगताना तो इतका ठाम असायचा की बायकांना ते डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा पटायचं. वडापात बायका एकमेकींना लेव्हल विचारायला लागल्या. जिचा आकडा मोठा ती फुलून बसायची, जिचा लहान ती घरी जाईपर्यंत रडायची. शाळेच्या निकालासारखंच ते झालं होतं.

आणि याच शास्त्रापायी मामा क्रूर वागायचा. हे लिहायला मला जड जातंय, पण न लिहिता मामा पुरा होणार नाही. एखादीचा गर्भ गेला की मामा तिला भेटायला जायचा, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसायचा, डोळे पाण्यानं भरलेले असायचे, आणि तरी विचारायचा, "एखादी गोळी चुकली असंल बघ. आठव." त्या बाईला आधीच घर खायला उठलेलं असायचं. ती आठवायला लागायची. आणि आठवायला लागलं की काहीतरी सापडतंच. कुणाला पाहुणे आले होते म्हणून उशीर झालेला, कुणाला डोळा लागलेला. मामा मान हलवायचा, "तेच ते." मग ती बाई जन्मभर तो एक उशीर घेऊन बसायची. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या एका प्रश्नानं किती घरांत विष कालवलं असेल, त्याचा हिशोब मला मांडवत नाही.

हा प्रश्न तो रोज स्वतःला विचारत होता, म्हणून तो इतरांना विचारायचा. त्याचं असं झालं.

मी शाळेत नुकतीच जायला लागले होते तेव्हाची गोष्ट. आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यात राहायचो. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. घरात आजी, म्हणजे वडिलांची आई, आणि तिचा शब्द शेवटचा. माझ्यानंतर आईला पुन्हा दिवस गेले होते, आणि आता मुलगाच होणार हे आजीनं ठरवून टाकलं होतं. थोडं रक्त दिसलं म्हणून आईला कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी लेव्हल कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्या संपत आल्या, निपाणीत मिळेनात. मामा तेव्हा दुसऱ्याच्या मालकीचं वडाप चालवायचा. आईच्या पाठचा हा एकटा भाऊ. आईवडील दोघांचे लवकर गेलेले, तिनंच त्याला वाढवलेलं. तो म्हणाला, "आक्का, आज फेरी हाय, येताना घिऊन येतो."

गोळ्या त्यानं घेतल्या. आणि नेमकं त्याच दिवशी सीमाप्रश्नावरून काहीतरी पेटलं. आमच्याकडं हे अधूनमधून होतं. इकडच्या गाडीला तिकडं काळं फासतात, तिकडच्या गाडीवर इकडं दगड पडतात, आणि दोन्हीकडच्या एसट्या आपापल्या हद्दीत उभ्या राहतात. रस्ता बंद झाला. मामा हद्दीपलीकडं, कागलच्या बाजूला अडकला. गोळ्या खिशात. चालत निघाला असता तर पहाटेपर्यंत पोचला असता. पण गाडी मालकाची. सोडून गेलो आणि कुणी पेटवून दिली तर, या भीतीनं तो गाडीला धरून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर रस्ता सुटला. तो घरी आला तेव्हा आईचं पोट रिकामं झालं होतं.

मामा दारात उभा होता, ते मला दिसतं. आजी आतून म्हणाली, "आलास व्हय? आता कुणाला देतोस त्या गोळ्या? भावानंच घात केला म्हणायचा!" मामा खाली बघत म्हणाला, "व्हय मावशी. माझ्यामुळंच झालं." आई आत भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती काही बोलली नाही.

आजी काही दुष्ट नव्हती. तिनं स्वतःही दोन लेकरं पुरली होती. पण कुणावर तरी ठपका ठेवल्याशिवाय तिला दुःख पचत नसे, आणि या वेळी ठपका आपण होऊन दारात चालत आला होता. पुढं आईला मूल झालंच नाही. प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला आजीचं ते एक वाक्य ठरलेलं असायचं, "भाऊ वेळेवर आला असता तर." मामा ते ऐकून घ्यायचा. त्यानं लग्न केलं नाही. कुणी फार मागं लागलं तर म्हणायचा, "बहिणीचं येक काम झालं न्हाय माझ्याच्यानं. संसार कसला करतोय?" लोक हसण्यावारी न्यायचे. त्यानं मात्र ते अगदी मनापासून म्हटलेलं असायचं.

आई भाऊबीजेला त्याला ओवाळायची, त्याच्या आवडीची धपाटी करून पाठवायची, पण त्याच्या गाडीत ती कधी बसली नाही. तो समोर गाडी उभी करायचा, पुढची जागा रिकामी ठेवायचा आणि आई एसटीची वाट बघत उभी राहायची. मला वाटायचं तिचा राग गेलेला नाही. मामालाही तसंच वाटायचं.

माझं लग्न बेळगावात झालं, तिथल्याच वडगाव भागातल्या विणकराच्या घरात. खाली यंत्रमाग, वर आम्ही. दिवस गेले तेव्हा मी मामाला कळवायचंच नाही असं ठरवलं होतं, पण आईनं फोनवर सांगितलं असावं. दुसऱ्याच दिवशी मामा दारात. हातात तो डबा, त्यात ओल्या फडक्यात कॅप्सुला. मी म्हटलं, "मामा, अहो बेळगावात पावलोपावली दवाखाने आहेत. आणि मला कुठं कुणी गोळ्या दिल्यात?" तो म्हणाला, "असू देत गं. लागल्या तर? रस्त्याचा काय भरवसा न्हाय." रस्ता बंद पडण्याची भीती त्याच्या मनातून गेलीच नव्हती. तिकडून माझे दीर हसून म्हणाले, "मामा, इथं रस्ता बंद पडला तरी औषधाचं दुकान समोरच आहे." मामा हसला नाही.

आणि लागल्याच. थोडंसं रक्त दिसलं. आमच्या डॉक्टर कन्नड घरातल्या, मराठी मोडकं पण मायेचं. "हेदरबेडम्मा, घाबरू नका," म्हणाल्या. तपासणीत लेव्हल कमी आली. त्यांनी गोळ्या दिल्या आणि वर बजावलं, "हा आकडा सकाळी एक असतो, दुपारी एक. वर-खाली होत राहतो. एका आकड्यावर नाचायचं नाही आणि रडायचं पण नाही." मी हे मामाला फोनवर शब्दाशब्दानं सांगितलं. तो म्हणाला, "ते डॉक्टर लोक असंच बोलतात. तू गोळी चुकवू नको."

त्यानंतर रोज गोळीच्या वेळेला फोन. मी शिकवणी घेत असले तरी, पाहुण्यांत असले तरी. "घेतलीस?" "घेतली." "पाण्यासंगट?" "मामा!" "बरं बरं." पुढची तपासणी झाली, आकडा चांगला वर गेलेला. मामा पेढे घेऊन आला. सासूबाईंनी ते देवापुढं ठेवले. सगळ्या घरानं मोकळा श्वास घेतला, मीही घेतला. खोटं कशाला बोलू, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून मीही त्या आकड्यावर नाचले.

मग सोनोग्राफी झाली. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या आणि मला कळलं. ठोका नव्हता. वाढ आधीच थांबलेली होती. पेढे वाटले त्या दिवशीही ती बहुतेक थांबलेलीच होती. वाढलेल्या आकड्यात काही भाग तर त्या गोळ्यांचाच होता, हे मला नंतर समजलं.

घरी आणल्यावर नवऱ्यानं खालचे माग बंद केले, मला झोप लागावी म्हणून. वडगावात माग बंद पडले की गल्ली विचारते, कोण गेलं? सासूबाई खाली जाऊन हळूच म्हणाल्या, "चालू करा. विचारलं तर काय सांगायचं?" खरंच, काय सांगणार? ज्याचं नाव नाही, बारसं नाही, त्याचं सुतक कुणी पाळत नाही. माग चालू झाले आणि त्या खडखडाटात मला मोकळेपणी रडता आलं.

आई माझ्याजवळ राहायला आली होती. मामा तिसऱ्या प्रहरी पोचला. खोलीत आला नाही, दाराशी बसला. मिशा खाली उतरलेल्या, चेहरा राखेसारखा. शेवटी त्यानं तोंड उघडलं आणि काय विचारलं असेल? "एखादी चुकली काय गं?"

माझा संताप संताप झाला. "एकही नाही!" मी ओरडले. "एकही चुकली नाही. तुम्ही रोज विचारत होता आणि मी रोज घेत होते. अजून काय करायला पाहिजे होतं मी?"

मामा माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या शास्त्रात हे बसतच नव्हतं. टाकी भरलेली, एक थेंब सांडलेला नाही, आणि इंजिन बंद. मला दिसत होतं, तो माझी गोष्ट सोडून दुसऱ्याच कुठल्या तरी दिवसाकडं वळला होता. मग तो उठला आणि जिना उतरून गेला.

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. लेव्हल कमी होती म्हणून माझं गेलं का? त्या म्हणाल्या, "बहुतेक वेळा उलटं असतं. गर्भच सुरुवातीपासून नीट जुळलेला नसतो. त्याची वाढ थांबते, आणि तो थांबला की शरीर हे बनवायचं कमी करतं. लेव्हल पडते ती नंतर." मग गोळ्या कशाला दिल्यात, मी जरा तोडूनच विचारलं. त्या चिडल्या नाहीत. "काही बायकांना उपयोग होतो. रक्त दिसलंय आणि आधीही गर्भ गेलाय, अशांना जास्त. तुमच्या पोटात काय चाललंय ते त्या दिवशी मला दिसत नव्हतं. देण्यात नुकसान नव्हतं, म्हणून दिलं. पण जे थांबलंय त्याला चालू करणारी गोळी कुणाकडंच नाही. तुमचं काही चुकलं नाही. कुणाचंच चुकलं नाही."

कुणाचंच. बाहेर येऊन मी पहिला फोन मामाला केला आणि बोलावून घेतलं.

तो आला तेव्हा आई माझ्या खोलीत बसून दोडका चिरत होती. मी मामाला समोर बसवलं. डॉक्टरी भाषा त्याच्या कामाची नव्हती, म्हणून म्हटलं, "मामा, धावती गाडी थांबली की वेगाचा काटा खाली येतो ना?" "येणारच की." "म्हणजे काटा खाली आला म्हणून गाडी थांबली असं म्हणाल का तुम्ही?" तो हसला, "यडी हाईस काय?" "मग लेव्हल म्हणजे तो काटा आहे. डिझेल नव्हे. गाडी आधी थांबते, काटा मागून पडतो. आईचंही तसंच झालं असणार. तुम्ही त्या दिवशी वेळेवर आला असता तरी गोळ्या बहुतेक उपयोगाच्या नव्हत्या."

मामा म्हणाला, "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतीस."

"न्हाय," आई म्हणाली. विळीवरचा तिचा हात थांबला होता. ती वर न बघता बोलत होती. "ती खरं सांगत्या. त्या वक्ताला मला सकाळचं लई उलटायचं. भात शिजला की वास सोसायचा न्हाय. ते सगळं आधीच थांबलंतं. तुझी गाडी अडकायच्या किती तरी आधी. गोळ्या चालू हुत्या तवाच. डॉक्टरी मला कळत न्हवती, पर आतलं कळलंतं. ते गेलंय हे मला ठावं हुतं."

मामा तिच्याकडं वळला. "तुला ठावं हुतं, आक्का?"

"व्हय."

"मग मी दारात उभा हुतो, मावशी बोलत हुती, तवा का बोलली न्हाईस?"

"काय बोलू? माझ्या पोटातच ठरत न्हाय म्हटलं असतं त्यांनी. दुसरी आणली असती. मला माहेराला धाडलं असतं." आईनं विळी बाजूला सारली. "आणि माहेर कुठं हुतं मला?"

खाली माग चालू होते म्हणून मामाला बोलायला आवाज चढवायला हवा होता, पण आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला.

"मी हुतो की."

आईनं पदर तोंडाला लावला. मामा उठला. चहा झाला होता तो त्यानं घेतला नाही. चिडला होता असं मला वाटत नाही. दोष अंगावर आला याचं त्याला काही नव्हतंच, तो त्यानं आपण होऊन घेतला होता. पण आपण असताना बहिणीला माहेर नाही असं वाटलं, हे त्याला लागलं, आणि फार खोल लागलं. उतरताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "जेवत जा." गोळीचं काही बोलला नाही.

त्यानंतरचे काही महिने मामाचा फोन कमी झाला. निपाणीहून कुणी आलं की सांगायचं, गोळीमामा आता पहिल्यासारखा ओरडत नाही. गोळ्या पोचवतो, पुढची जागाही ठेवतो, पण लेव्हल विचारत नाही. फेऱ्याही चुकवतो, दुपारी गाडी घेऊन कुठं तरी खेड्यांत जातो आणि रिकामाच परत येतो. आम्हाला वाटलं तब्येत बिघडली असेल. आईनं दोनदा त्याच्याकडं जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा आजीच्या दुखण्याचं निमित्त झालं. मग एका सकाळी स्टँडवर, गाडी पुसता पुसता, मामा खाली बसला आणि उठला नाही. त्याला जाऊन आता वर्ष होत आलं.

तेराव्याला माझ्या माहेरी, आमच्याच अंगणात पंगती बसल्या, कारण मामाला दुसरं घर कुणाचं? माणसं एवढी आली की वखारीतून सतरंज्या मागवाव्या लागल्या. त्यातल्या निम्म्या बायका होत्या, गावोगावच्या, बऱ्याच आमच्या ओळखीच्याही नव्हत्या. जेवणं चालू असताना त्यांतली एक, माझ्याच वयाची असेल, माझ्या आईचा हात धरून म्हणाली, "मावशी, माझं बाळ गेलं तवा मामा म्हटलं हुतं, गोळी चुकली असंल. मी घरात तोंड दाखवत न्हवतो. आणि गेल्या उन्हाळ्यात मामाच दारात येऊन उभं ऱ्हायलं. माझ्या सासूला म्हणालं, हिचं काय बी चुकलं न्हवतं, मी चुकीचं बोललो, माफी करा. पाणीसुदीक न पिता गेलं." पलीकडून दुसरी म्हणाली, "आमच्याकडं बी आलतं." तिसरीनं नुसती मान हलवली. मामा दुपारी रिकामी गाडी घेऊन कुठं जात होता ते आम्हाला असं कळलं.

आई हातात आमटीची बादली घेऊन उभी होती. तिनं ती खाली ठेवली. ओसरीवर आजी भिंतीला टेकून बसली होती, तिच्या शेजारी वडील, भावकी, सगळे. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. माझी आई चारचौघांत बोललेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

"आत्ती," ती म्हणाली, "माझं लेकरू माझ्या भावामुळं गेलं न्हाय. तो यायच्या आधीच गेलतं. मला ठावं हुतं आणि मी गप बसलो."

पंगतीतले हात थांबले. आजीनं डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं. "आता कशाला उकरतीस गं? माणूस गेला की."

"व्हय," आई म्हणाली. "तुमच्या भ्यानं त्याला जन्मभर दारात उभा केला मी. आता तरी त्याला आत घ्या."

वडिलांनी खाली मान घातली. आईनं बादली उचलली आणि ती पुढच्या पानावर वाढायला वाकली.